‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे ‘बाय’ की ‘टिल’?

वाचकाचं पत्र: माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. नोकरीत रोज इंग्रजीत ईमेल लिहावे लागतात. बाकीचं निभावून नेते, पण वेळ, वार, तारीख सांगायची आली की अडते. मागच्या आठवड्यात मी एका मेलमध्ये लिहिलं: ‘आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स टू वीक्स. आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे. टुडे मॉर्निंग आय सेंट यू द फिगर्स. वुई कॅन मीट ऑन नेक्स्ट मंडे.’ समोरून विचारणा आली की रिपोर्ट नक्की कोणत्या दिवशी मिळणार? ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’चे नियम मला तोंडपाठ आहेत, तरी असं होतं. शिवाय ‘द’ कुठे घालायचा आणि कुठे नाही, याचा काही पत्ताच लागत नाही. ‘इन द मॉर्निंग’ चालतं, मग ‘इन द नाइट’ का चालत नाही?

उत्तर:

तुमच्या मेलमधल्या चारही वाक्यांत चूक आहे, पण एकाही ठिकाणी ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’ यांची आपसात अदलाबदल झालेली नाही. म्हणजे जे नियम तुम्ही पाठ केलेत ते तुम्हाला येतात. गोंधळ दुसरीकडे आहे. मराठीत ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘पूर्वी’, ‘वेळेवर’, ‘शेवटी’ हे एकेक शब्द जेवढं काम करतात, तेवढ्याच कामासाठी इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन वेगळे शब्द आहेत. आपण मनात मराठी वाक्य तयार करतो, ‘पर्यंत’ला ठरलेला एक इंग्रजी शब्द उचलतो आणि तो निम्म्या वेळा चुकतो. म्हणून ‘पर्यंतला इंग्रजीत काय म्हणतात?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी ‘त्या दिवशी नेमकं काय घडणार आहे?’ असं स्वतःला विचारा.

सुरुवात ‘पर्यंत’पासूनच करू, कारण इथली चूक नुसती कानाला खटकत नाही, ती अर्थच बदलते. ‘मी शुक्रवारपर्यंत ऑफिसात आहे’ आणि ‘मी शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवते’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात ऑफिसात असणं शुक्रवारपर्यंत सलग चालू राहतं. तिथे ‘अंटिल’ किंवा ‘टिल’: ‘आय ॲम इन दि ऑफिस अंटिल फ्रायडे.’ दुसऱ्यात पाठवणं ही एकदाच व्हायची गोष्ट आहे आणि शुक्रवार ही तिची शेवटची मुदत. तिथे ‘बाय’: ‘आय विल सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे.’ तुम्ही ‘सेंड टिल फ्रायडे’ लिहिलंत, तेव्हा वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहीन’ असा लागला. त्याने परत विचारलं ते त्यामुळेच.

ओळखायची खूण सोपी आहे. मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पाठवते’ जमतं, म्हणून ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत ऑफिसात आहे’ जमत नाही, म्हणून ‘अंटिल’. फक्त एक लक्षात ठेवा: ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो. शुक्रवार उजाडायच्या आधीच हवं असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ लिहा. ‘अंटिल फ्रायडे’त मात्र शुक्रवार धरायचा की नाही, हे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही नेहमी स्पष्ट नसतं. रजेचा मेल लिहिताना ‘ऑन लीव्ह अंटिल फ्रायडे’ एवढ्यावर थांबू नका, पुढे ‘बॅक ऑन मंडे’ जोडा. अमेरिकी इंग्रजीत ‘थ्रू फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार धरूनच. ब्रिटिश वाचकासाठी ‘अंटिल फ्रायडे इन्क्लुझिव्ह’.

नकारात्मक वाक्यात हा फरक आणखी महत्त्वाचा होतो. ‘रिपोर्ट शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही’ या मराठी वाक्याची इंग्रजीत दोन वाक्यं होतात. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची मुदत चुकणार, पुढे कधी होईल ते सांगितलेलं नाही. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी मिळणार नाही, पण शुक्रवारी मिळेल. पहिलं वाक्य वाईट बातमी देतं, दुसरं आश्वासन देतं. शब्द एकच बदलला आहे. कामाच्या पत्रव्यवहारात वेळेशी संबंधित एकच गोष्ट शिकायला सवड असेल, तर ही शिका.

याच कुळातली दुसरी चूक फार खोलवर रुजलेली असते. ‘तो येत नाही तोपर्यंत थांबा’ असं आपण म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतही ‘वेट अंटिल ही डझन्ट कम’ असं येतं. इंग्रजीत ‘अंटिल’च्या पोटात ते ‘नाही’ आधीच आलेलं आहे. ‘वेट अंटिल ही कम्स’ एवढंच. आणि ‘अंटिल ही विल कम’ही नाही. ‘अंटिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘व्हेन’, ‘बाय द टाइम’ यांच्यानंतर पूर्ण वाक्य आलं तर भविष्यातली गोष्ट असूनही क्रियापद साध्या वर्तमानकाळात राहतं. ‘बाय’नंतर मात्र वाक्य थेट जोडता येत नाही. ‘तुम्ही पोचेपर्यंत माझं झालेलं असेल’ हे ‘बाय द टाइम यू अराइव्ह, आय विल हॅव फिनिश्ड’ असं होतं. त्यातला ‘द’ गाळायचा नाही.

आता ‘पासून’. याला इंग्रजीत तीन वाटा फुटतात. ‘2019 पासून इथे काम करतेय’ यात सुरुवातीचा क्षण सांगितला आहे आणि काम अजून चालू आहे, म्हणून ‘सिन्स’. ‘दोन आठवड्यांपासून करतेय’ यात किती काळ ते सांगितलं आहे, म्हणून ‘फॉर’. ‘सोमवारपासून येईन’ यात सुरुवात पुढे व्हायची आहे, म्हणून ‘फ्रॉम’. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येतं ते ‘सिन्स’च्या मागे: मार्च, सोमवार, दहा वाजता, ‘आय जॉइन्ड’. मोजता येतं ते ‘फॉर’च्या मागे: दोन तास, तीन वर्षं, बराच काळ. सोमवारवर बोट ठेवता येतं, दोन आठवड्यांवर नाही. म्हणून ‘सिन्स टू वीक्स’ चूक.

तुमच्या त्या वाक्यात क्रियापदही बदलावं लागेल. ‘करतेय’ असं मनात असल्यामुळे ‘आय ॲम वर्किंग’ आलं. पण काम मागे सुरू होऊन आजही चालू असेल तर इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस फॉर टू वीक्स.’ इथे प्रिपोझिशन (‘सिन्स’, ‘फॉर’सारखा नामाआधी येणारा छोटा शब्द) आणि क्रियापद जोडीनेच चालतात, एक सुधारून दुसरं तसंच ठेवलं तर वाक्य अर्धवट दुरुस्त होतं. साधा भूतकाळ वापरून ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हटलंत तर वाचणारा धरून चालतो की ती नोकरी आता सुटली आहे. अर्ज किंवा बायोडेटा लिहिताना याकडे फार लक्ष द्या. ‘सकाळपासून’साठी ‘सिन्स मॉर्निंग’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण नीट इंग्रजीत ‘सिन्स धिस मॉर्निंग’.

‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांचंही असंच आहे. आजपासून मागे मोजायचं तर ‘अगो’, आणि तो आकड्याच्या मागून येतो: ‘टू डेज अगो’. ‘बिफोर टू डेज’ असं इंग्रजीत होत नाही. ‘टू डेज बॅक’ बोलण्यात समजतं, पण लिहिताना ‘अगो’च ठेवा. ‘अगो’बरोबर क्रियापद साध्या भूतकाळात: ‘आय सेंट इट टू डेज अगो’, ‘हॅव सेंट’ नाही. मोजणी आजपासून नसून दुसऱ्या एखाद्या घटनेपासून असेल तर ‘बिफोर’: ‘टू डेज बिफोर द मीटिंग’. पुढच्या दिशेलाही हाच प्रकार. ‘दहा मिनिटांनी फोन करते’ याचं ‘आफ्टर टेन मिनिट्स’ होत नाही, ‘इन टेन मिनिट्स’ होतं. ‘आफ्टर’च्या पाठीमागे शक्यतो घटना हवी: ‘आफ्टर लंच’, ‘आफ्टर द मीटिंग’. भूतकाळातली हकिगत सांगताना ‘टू डेज लेटर’.

मात्र इथे एक गोष्ट मराठीत स्पष्ट आहे आणि इंग्रजीत संदिग्ध. ‘तासाभराने’ आणि ‘तासाभरात’ हे आपण वेगळे ठेवतो. इंग्रजी ‘इन ॲन अवर’ दोन्हीकडे वापरला जातो. तासाभराच्या आत कधीही, असं सांगायचं असेल तर ‘विदिन ॲन अवर’ लिहा. मुदत, परतावा, तक्रारीचं उत्तर अशा कामांत ‘विदिन’च सुरक्षित.

‘फॉर’ आणि ‘ड्युरिंग’ यांबद्दल थोडक्यात: ‘किती वेळ?’ याचं उत्तर ‘फॉर’, ‘कशाच्या दरम्यान?’ याचं उत्तर ‘ड्युरिंग’. ‘ड्युरिंग टू अवर्स’ नाही, ‘ड्युरिंग द मीटिंग’.

एवढं झाल्यावर ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’कडे येऊ. मूळ नियम तुम्हाला माहीत आहे: घड्याळातली वेळ असेल तर ‘ॲट’, वार किंवा तारीख असेल तर ‘ऑन’, महिना, ऋतू, वर्ष, दशक, शतक यांना ‘इन’. मराठीत सकाळी, सोमवारी, रात्री या तिन्हींना सप्तमीचा एकच ‘ई’ लागतो, त्यामुळे मराठी शब्दावरून काहीच अंदाज येत नाही. इंग्रजीत या तिघांना अनुक्रमे ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ लागतात. खरी अडचण येते ती दोन गोष्टी एकत्र आल्यावर. तिथे कामाला येणारा नियम असा: दिवसाच्या भागाला वार, तारीख किंवा वर्णन चिकटलं की ‘इन’ जातो आणि ‘ऑन’ येतो. ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ऑन मंडे मॉर्निंग’. ‘इन दि इव्हनिंग’, पण ‘ऑन दि इव्हनिंग ऑफ द फिफ्थ’. ‘इन दि आफ्टरनून’, पण ‘ऑन अ रेनी आफ्टरनून’. ‘मंडे मॉर्निंग’मध्ये ‘द’ही गळतो, कारण वारामुळे कोणती सकाळ ते ठरलेलंच आहे. याला ‘अर्ली’ आणि ‘लेट’ अपवाद: ‘इन दि अर्ली मॉर्निंग’, ‘इन द लेट आफ्टरनून’. या शब्दांनी सकाळ किंवा दुपार वेगळी होत नाही, तिचा फक्त एक तुकडा सांगितला जातो.

महिन्याचंही तेच. ‘इन मार्च’, पण तारीख आली की ‘ऑन 5 मार्च’. लिहिताना नुसतं ‘5 मार्च’ पुरतं. ब्रिटिश पद्धतीने वाचताना त्याचं ‘द फिफ्थ ऑफ मार्च’ होतं, अमेरिकी पद्धतीने ‘मार्च फिफ्थ’. ‘द’ आणि ‘ऑफ’ ही जोडी आहे. ‘ऑन फिफ्थ ऑफ मार्च’ असं एकच ठेवलं की खटकतं. ‘मार्च ऑफ 2020’ऐवजी ‘मार्च 2020’ साधं आणि बरोबर.

वेळ, दिवसाचा भाग आणि वार सगळं एकत्र आलं तर लहानाकडून मोठ्याकडे जा: ‘ॲट नाइन ऑन मंडे मॉर्निंग’, ‘ॲट फाइव्ह इन द मॉर्निंग’, ‘ॲट टेन ॲट नाइट’. इथे एक फरक सहज निसटतो. आपण ‘रात्री दोन वाजता’ म्हणतो, इंग्रजीत ते ‘ॲट टू इन द मॉर्निंग’. मध्यरात्र ओलांडली की इंग्रजी माणूस सकाळ मोजायला लागतो. ‘5 एएम इन द मॉर्निंग’ मात्र लिहू नका, सकाळ दोनदा होते. तसंच मुदत सांगताना ‘मिडनाइट ऑन फ्रायडे’ टाळा. शुक्रवार सुरू होतानाची की संपतानाची, यावरून घोळ होतो. ‘11:59 पीएम ऑन फ्रायडे’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

आता तुमचा रात्रीचा प्रश्न. ‘ॲट नाइट’ म्हणजे रात्रीच्या वेळी, सर्वसाधारणपणे. इंग्रजीत ‘नून’, ‘मिडनाइट’, ‘डॉन’, ‘सनराइज’ या शब्दांसारखा ‘नाइट’ही इथे एकच टप्पा मानला जातो, म्हणून ‘ॲट’ आणि ‘द’ नाही. पण ‘इन द नाइट’ हे चूक आहे, असं कुणी शिकवलं असेल तर ते अर्धवट शिकवलं. एखाद्या विशिष्ट रात्रीत मधेच काही घडलं तर ‘इन द नाइट’च येतं: ‘आय वोक अप ट्वाइस इन द नाइट.’ ‘ड्युरिंग द नाइट’ही चालतं. ‘आय वर्क ॲट नाइट’ म्हणजे रात्री काम करण्याची माझी पद्धत. या दोन वाक्यांतला फरक पकडलात तर पाठांतराची गरज राहत नाही.

शनिवार-रविवारबद्दल वाद घालत बसू नका. ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकी ‘ऑन द वीकेंड’. दोन्ही बरोबर, एका मेलमध्ये एकच ठेवा. ‘ॲट ख्रिसमस’ म्हणजे नाताळच्या त्या दिवसांत, ‘ऑन ख्रिसमस डे’ म्हणजे नेमका 25 डिसेंबर. ‘डे’ आला की ‘ऑन’.

तुमच्या चौथ्या वाक्यात चुकलं ते वेगळ्याच कारणाने. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांच्यापुढे ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’पैकी कुठलंच प्रिपोझिशन लागत नाही, आणि ‘टुडे’, ‘टुमॉरो’, ‘यस्टरडे’, ‘टुनाइट’ यांच्यापुढेही नाही. ‘वुई कॅन मीट नेक्स्ट मंडे.’ शिवाय ‘नेक्स्ट मंडे’ म्हणजे हा येणारा की त्याच्या पुढचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येच एकमत नाही. म्हणून तारीख घाला: ‘ऑन मंडे, 9 मार्च’. ‘नेक्स्ट’ गेला आणि ‘ऑन’ परत आला, हे बघून ठेवा. अमेरिकी बोलण्यात ‘सी यू मंडे’ असा ‘ऑन’ गाळलेला ऐकाल. बोलताना हरकत नाही, औपचारिक मेलमध्ये ‘ऑन’ ठेवा.

तिसरं वाक्य ‘टुडे मॉर्निंग’चं. मराठी ‘आज सकाळी’चे ते शब्दशः दोन तुकडे आहेत. इंग्रजीत ‘धिस मॉर्निंग’. ‘आज रात्री’ म्हणजे ‘टुनाइट’, ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. गंमत अशी की ‘यस्टरडे मॉर्निंग’, ‘यस्टरडे इव्हनिंग’ आणि ‘टुमॉरो मॉर्निंग’ बरोबर आहेत, फक्त ‘यस्टरडे नाइट’ कानाला उपरं वाटतं. ‘परवा’ हा आपला दोन्हीकडे चालणारा शब्द. पुढचा परवा ‘द डे आफ्टर टुमॉरो’, मागचा परवा ‘द डे बिफोर यस्टरडे’. दोन्हींत ‘द’ हवा.

म्हणजे आता ‘द’कडे वळायला हरकत नाही. वारांची, महिन्यांची आणि वर्षांची नावं आर्टिकलशिवाय, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’शिवाय, उभी राहतात: ‘ऑन मंडे’, ‘इन मार्च’, ‘इन 2020’. ‘द’ येतो तो ‘कोणता?’ याचं उत्तर त्याच वाक्यात दिलेलं असतं तेव्हा: ‘द मंडे आफ्टर द मीटिंग’, ‘द वीक ऑफ द फिफ्थ’, ‘इन द समर ऑफ 2019’. कुठलातरी एक सोमवार असेल तर ‘ऑन अ मंडे’, दर सोमवारी असेल तर ‘ऑन मंडेज’. क्रमवाचक शब्दाला जवळजवळ नेहमी ‘द’: ‘द फर्स्ट वीक’, ‘फॉर द फर्स्ट टाइम’. दशकं आणि शतकं यांनाही: ‘इन द 1990ज’, ‘इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’. ऋतूंचं डोक्यात ठेवू नका, ‘इन समर’ आणि ‘इन द समर’ दोन्ही चालतात. अमेरिकी ‘फॉल’पुढे मात्र सहसा ‘द’ असतो.

जिथे ‘द’ घातला किंवा काढला की अर्थ बदलतो, अशा जागांना वेळ द्या. ‘लास्ट वीक’ म्हणजे मागचा आठवडा, कॅलेंडरमधला. ‘द लास्ट वीक’ म्हणजे आजपर्यंतचे सात दिवस किंवा एखाद्या गोष्टीचा अखेरचा आठवडा: ‘द लास्ट वीक ऑफ द प्रोजेक्ट’. ‘नेक्स्ट वीक’ आजपासून पुढचा. ‘द नेक्स्ट वीक’ म्हणजे बहुधा हकिगतीतल्या एखाद्या आठवड्याच्या नंतरचा. ‘फॉलोइंग’ आणि ‘प्रीव्हियस’ यांना ‘द’ लागतोच: ‘द फॉलोइंग मंडे’, ‘द प्रीव्हियस इयर’. ब्रिटिश इंग्रजीत ‘इन फ्युचर’ म्हणजे यापुढे, ‘इन द फ्युचर’ म्हणजे भविष्यात कधीतरी. ‘यापुढे वेळेत कळवा’ असं सुचवायचं असेल तर पहिलं.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांचा एक उपयोग मराठी मनाला सुचत नाही, तो म्हणजे ‘दर’. आठवड्यातून दोनदा म्हणजे ‘ट्वाइस अ वीक’, दिवसातून तीनदा म्हणजे ‘थ्री टाइम्स अ डे’. मधे ‘इन’ नको. ‘अवर’मधला पहिला एच उच्चारात नाही, म्हणून ‘ॲन अवर’. पण ‘अ वन-अवर मीटिंग’, कारण ‘वन’ची सुरुवात व्यंजनासारखी होते. दोन तासांची मीटिंग ‘अ टू-अवर मीटिंग’, तिथे ‘अवर्स’ होत नाही. अर्धा तास ‘हाफ ॲन अवर’, दीड तास ‘ॲन अवर अँड अ हाफ’, अडीच तास ‘टू अँड अ हाफ अवर्स’, पाऊण तास ‘थ्री क्वार्टर्स ऑफ ॲन अवर’ किंवा सरळ ‘फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स’. ब्रिटिश सहकारी फोनवर ‘हाफ फोर’ म्हणाला तर तो साडेचार म्हणतोय, साडेतीन नाही.

अजून दोन जोड्या राहिल्या. ‘वेळेवर’ म्हणजे ठरल्या घटकेला असेल तर ‘ऑन टाइम’: ट्रेन ‘ऑन टाइम’ आली. उशीर व्हायच्या आत, कशासाठी तरी पुरेसं आधी असेल तर ‘इन टाइम’: ‘वुई गॉट देअर इन टाइम फॉर द ट्रेन.’ आणि ‘शेवटी’: एखाद्या गोष्टीचा शेवटचा भाग दाखवायचा तर ‘ॲट दि एंड ऑफ द मीटिंग’, बराच विचार किंवा खटपट होऊन अखेर काय झालं ते सांगायचं तर ‘इन दि एंड’, आणि वाट पाहून पाहून सुटका झाली तर ‘ॲट लास्ट’. ‘इन दि एंड ऑफ द मंथ’ ही पहिल्या दोघांची सरमिसळ आहे. महिन्याच्या शेवटी म्हणजे ‘ॲट दि एंड ऑफ द मंथ’.

सराव कसा करायचा? व्याकरणाची नवी वही काढू नका. तुम्ही पाठवलेल्या मेलमध्ये ‘टिल’, ‘सिन्स’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘टुडे’, ‘नेक्स्ट’ हे सहा शब्द एकेक करून शोधा. ‘टिल’ दिसला की ‘च्या आत’ घालून बघा. ‘सिन्स’च्या मागे मोजता येणारा काळ आहे का, ते बघा. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’च्या मागे आकडा आला असेल तर बहुतेक वेळा ‘अगो’ किंवा ‘इन’ हवा असतो. ‘टुडे’च्या मागे ‘मॉर्निंग’ किंवा ‘नाइट’ आहे का, आणि ‘नेक्स्ट’च्या पुढे ‘ऑन’ आहे का, हे नजरेनेच कळतं. एका दिवशी एकच शब्द घ्या आणि चुकलेलं वाक्य मनात दुरुस्त करून न सोडता पूर्ण टाइप करा, कारण सवय बोटांना लागलेली असते. पहिल्या दिवशी ‘टिल’ घ्या, आणि नवीन मेलमध्ये कुठलीही मुदत लिहिताना वार, तारीख आणि वेळ तिन्ही द्या: ‘बाय 5 पीएम ऑन फ्रायडे, 6 मार्च’. तारीख नुसत्या आकड्यांत लिहू नका. ‘6/3’ ब्रिटिश वाचकाला 6 मार्च दिसतो आणि अमेरिकी वाचकाला 3 जून.